फीलिक्स मॅककाफ्रीची घाई

आमच्या ड्रमकॉरीत माणूस गेला की आधी फादरना कळवतात आणि मग फीलिक्स मॅककाफ्रीला. फादरना यायला थोडा उशीर झाला तरी चालतं. आत्म्याचं काय करायचं ते वर कोणीतरी बघून घेतं. फीलिक्सला उशीर होऊन चालत नाही, कारण खड्डा कोणी वरून खणून पाठवत नाही.

फीलिक्सने सत्तरी कधीच ओलांडली आहे. उंच, किंचित वाकलेला, कान मोठे, डोक्यावर एकच टोपी. ती टोपी तो चॅपलमध्ये, मयतापुढे, जेवताना आणि झोपताना काढतो. झोपतानाची खात्री त्याची बायको डिंफ्ना देते, पण फार ठामपणे नाही. नोकरी त्याने काउंटीच्या रस्त्यांवर केली. म्हणजे आयुष्यभर खड्डेच. पगार घेऊन भरायचे आणि फुकट खणायचे.

फुकट, कारण आमच्याकडे कबर खणायचे पैसे घेत नाहीत. ते शेजाऱ्यांचं काम. घरच्या माणसांनी फावड्याला हात लावायचा नसतो. कोणी बोलवायलाही येत नाही. दफनाच्या आदल्या सकाळी चार-पाच जण आपापली फावडी घेऊन कबरस्तानाच्या फाटकाशी जमतात आणि फीलिक्स सांगेल तसं खणतात. त्या चार-पाचांत गेली काही वर्षं मीही असतो. माझी निवड खांद्यांवरून झाली. डोक्याची या कामात गरज नसते, असं फीलिक्सने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "विचार मी करतो डेक्लन, तू फक्त खाली बघ."

आमच्या गावात माणसं कमी आणि समित्या जास्त. फुटबॉल क्लबची समिती, हॉलची समिती, गाव स्वच्छ ठेवायची समिती, शाळेच्या छपराची समिती. तीच सात माणसं एका खोलीतून उठतात, दुसरीत जाऊन बसतात आणि आधीच्या समितीने काय घोळ घातला यावर चर्चा करतात. फीलिक्स एकाही समितीत नाही. तो सगळ्यांच्या खुर्च्या लावतो. मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो, रविवारी चॅपलबाहेर गाड्या लावून देतो. त्यामुळे समित्या बदलतात, अध्यक्ष रुसतात, खजिनदार ऑस्ट्रेलियाला निघून जातात, आणि फीलिक्स तिथेच असतो.

चॅपल आमचं, म्हणजे कॅथलिकांचं. ते ओढ्याच्या अलीकडे. प्रॉटेस्टंटांचं ते चर्च. ते पुलापलीकडे, म्हणजे दुसऱ्या देशात, कारण तो ओढा हीच दोन देशांची सरहद्द. दोन्हींच्या दारांमध्ये दगड फेकला तर पोचेल एवढंच अंतर आहे, आणि एके काळी लोकांनी ते फेकून पाहिलंही आहे. आता कोणी फेकत नाही. एक तर दिवस बदलले, आणि दुसरं म्हणजे पलीकडे फेकायला फारसं कोणी उरलं नाही. त्यांच्या बाकांवरची माणसं एकेक करून कबरस्तानात गेली. तरुण होते ते बेलफास्टला किंवा त्याच्याही पुढे गेले. त्यांच्याकडे फावडं उचलेल असा गडी राहिला नाही, तेव्हापासून त्यांच्याही कबरी फीलिक्सच खणतो. त्याला कोणी तसं सांगितलं नाही. एका सकाळी तो पूल ओलांडून गेला, एवढंच.

पुलाला अगदी लागून मर्व्हिन क्रोझियरची शेती. मर्व्हिन आणि त्याची धाकटी बहीण मर्टल, दोघांनीही लग्न केलं नाही. त्या घरात वाद घालायला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं आणि दोघांना तेवढं पुरत होतं. मर्व्हिन आणि फीलिक्स एकाच वयाचे. गवत कापायचं यंत्र मर्व्हिनचं, हात फीलिक्सचे, अशी त्यांची लहानपणापासूनची वाटणी. मर्व्हिनचा बाप गेला तेव्हा कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांच्या चर्चमध्ये पाऊल टाकायला आमच्या बिशपांची बंदी होती. फीलिक्सने तेव्हाही, शेजारी म्हणून, त्यांच्या लोकांबरोबर कबर खणली आणि प्रार्थना चालू असताना भिंतीबाहेर पावसात उभा राहिला. मर्व्हिन नंतर त्याला म्हणाला होता, "आत काही विशेष नव्हतं. तुझ्याकडे निदान वारा होता."

मग ती बॉम्ब आणि बंदुकांची वाईट वर्षं आली. सरहद्द बंद करायला पलीकडच्या लष्कराने पुलाजवळचा रस्ता उडवून मोठं भगदाड पाडलं. आमचे लोक रविवारी चॅपलमधली मिसा झाली की ते बुजवायचे आणि लष्कर पुन्हा उडवायचं. शेजाऱ्याच्या घरी जायला तासभर गाडी हाकावी लागे. त्या काळात मर्व्हिन आणि फीलिक्स ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकांना नुसता हात दाखवायचे. जास्त बोललेलं दोन्ही बाजूंना खपलं नसतं. पण आमचे लोक खड्डा बुजवायला निघाले की त्याच्या आदल्या दिवशी मर्व्हिन दगडांनी भरलेली ट्रॉली ओढ्याकाठच्या फाटकापाशी विसरून जायचा. असा विसराळू शेतकरी दोन्ही काउंट्यांत नव्हता.

हे एवढं सांगितलं, कारण त्याशिवाय फीलिक्सने जी चूक केली ती समजणार नाही. ती चूक शत्रू करत नाही. ती शेजारीच करू शकतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मर्व्हिनला न्यूमोनिया झाला आणि त्याला शहरातल्या इस्पितळात नेलं. मी सहकारी संघाच्या दुकानात काउंटरवर असतो. शनिवारी दुपारी फीलिक्स कोंबड्यांचं खाद्य न्यायला आला होता. तेवढ्यात मर्टल आली. वासरांची पेंड हवी होती. मर्टल लहानखुरी, कडक, रविवारच्या टोपीशिवायही टोपी घातल्यासारखी दिसणारी. त्या दिवशी मात्र तिचे केस नीट विंचरलेले नव्हते.

"कसा आहे?" फीलिक्सने विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, सोमवार बघेल असं वाटत नाही."

फीलिक्सने टोपी काढली. "फार चांगला माणूस, मर्टल."

"हो," ती म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

फीलिक्सला वाटलं, आपल्याकडून आणखी काहीतरी अपेक्षित आहे. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, "तुमच्या त्या रेव्हरंड बाई मंगळवारी मोकळ्या असतात का?"

मर्टलने पेंडीचं पोतं माझ्या हातून ओढून घेतलं, स्वतःच गाडीत टाकलं आणि निघून गेली. सुटे पैसेही घेतले नाहीत.

"बिचारी," फीलिक्स म्हणाला आणि काउंटरवर कोपर टेकून हिशेबाला लागला. "बघ डेक्लन. आज जातो किंवा उद्या जातो असं धर. म्हणजे माती मंगळवारी. म्हणजे खणायचं सोमवारी."

"सोमवारी कबर उघडायची नाही," मी म्हणालो. हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात. सोमवारी नवी कबर उघडली की वर्ष सरायच्या आत त्याच घरातून आणखी एक जण जातो.

"तेच तर. त्या घरात मर्टलशिवाय जायला आहे कोण?"

"मग रविवारी खणा."

"रविवारी? अरे, ती बाई रविवारचे बटाटे शनिवारी सोलून पाण्यात ठेवते. रविवारी कबर खणू देईल?"

"मग मंगळवारी पहाटे."

"त्यांच्या बाजूला खाली खडक आहे. त्याच्या बापाच्या वेळी आम्ही अर्धा दिवस पहार मारत होतो. लोक शवपेटी खांद्यावर घेऊन ताटकळतील."

"मग?"

"मग आजच."

"अहो, तो जिवंत आहे अजून."

"मी कुठे त्याला आत घालतोय? गवताची एक ढपली काढून ठेवायची, बस. शनिवारी उघडली, सोमवारी खणली. तिचा रविवार राहिला, आपला सोमवार राहिला. दोन्हीकडचा देव खूश."

"देव एकच ना दोघांचा?"

"एकच रे. पण वार दोन पाळतो."

लोकांचं घोडं वरातीमागून येतं. फीलिक्सचं घोडं वरात निघायच्या आधीच मांडवात शिरलं. संध्याकाळी तो एकटाच पूल ओलांडून गेला, क्रोझियरांच्या जागेत आईबापांच्या शेजारी फावड्याने चार सरळ कडा कापल्या, गवताची ढपली उचलून बाजूला उलटी ठेवली आणि घरी येऊन शांतपणे जेवला. डिंफ्नाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मर्टलला विचारलंस?" तो म्हणाला, "तिच्या डोक्याला आज आणखी ताप कशाला?"

रविवारी सकाळी मर्व्हिन क्रोझियरने दोन उकडलेली अंडी खाल्ली आणि नर्सला चहा फिका आहे म्हणून झापलं.

मर्टल इस्पितळातून तडक चर्चमध्ये आली. रेव्हरंड बाईंनी आभाराची प्रार्थना म्हटली, जे काही मोजके लोक होते त्यांनी आमेन म्हटलं, आणि मर्टल आईला बातमी सांगायला कबरीपाशी गेली. तिथे काय होतं ते मी सांगितलंच आहे. कोणी केलं हे तिला विचारावं लागलं नाही. इतकी सरळ कड या भागात एकच माणूस कापतो.

अलीकडे आमची मिसा नुकतीच सुटली होती. फीलिक्स रस्त्याच्या मधोमध उभा राहून गाड्या काढून देत होता. मर्टल पुलावरून चालत आली. डोक्याला टोपी, हातात बायबल. गाड्या आपोआप थांबल्या.

"फीलिक्स मॅककाफ्री."

फीलिक्सने टोपी काढून छातीशी धरली. "मर्टल! कधी गेला?"

"त्याने दोन अंडी खाल्ली."

फीलिक्सचं तोंड उघडं राहिलं. मागून एका गाडीतून कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं.

"दोन?" फीलिक्स म्हणाला.

"दोन. आणि टोस्ट."

"मर्टल, मी आत्ता जातो. आत्ता बसवतो ती जागच्या जागी."

"आज रविवार आहे. आमच्या कबरस्तानात आज कोणी काम करणार नाही."

"मग उद्या सकाळी पहिल्यांदा..." एवढं बोलून तो थांबला. उद्या सोमवार होता. बुजवणं म्हणजे उघडणं नव्हे हे खरं, पण फीलिक्सला तेवढी खात्री नव्हती, आणि मर्टलला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आमच्या फाटकाच्या आत तू पुन्हा पाऊल टाकायचं नाहीस," ती म्हणाली. "आता नाही आणि नंतरही नाही."

'नंतर' म्हणजे कधी ते तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. मर्टल वळून परत गेली. ती ढपली दिवसभर तशीच उताणी पडून राहिली आणि दोन्ही देशांतले लोक फिरायला जायच्या निमित्ताने ती बघून आले. सोमवारी मर्टलने स्वतःच ती उचलून बसवली आणि बुटाने दाबली.

गावाला वर्षभराचं खाद्य मिळालं. पबमध्ये कोणी खोकलं की दुसरा म्हणे, "फीलिक्स, फावडं खाली ठेव, नुसता ठसका आहे." आमचा फुटबॉल संघ तेव्हा खालच्या गटात घसरायच्या बेतात होता. अध्यक्षांनी फीलिक्सला गंभीरपणे विनंती केली की मैदानाच्या कोपऱ्यात एक ढपली काढून ठेव, म्हणजे संघ उठून बसेल. फीलिक्स हसत नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, खुर्च्या लावल्या, खुर्च्या उचलल्या. आमच्याकडे माणसाला चिडवणं थांबलं की समजावं त्याला गावाने टाकलं, तेव्हा त्या बाजूने काळजी नव्हती. काळजी पुलापलीकडची होती.

मर्व्हिन घरी आल्यावर मी पेंडीची पोती द्यायला गाडी घेऊन निघालो, तर फीलिक्स शेजारच्या सीटवर येऊन बसला. दाढी केलेली, हातात डिंफ्नाने केलेला मनुकांचा केक. मर्टलने दार अर्धंच उघडलं.

"मर्व्हिनला भेटायचं होतं."

"तो आराम करतोय. कायमचा नाही."

आतून मर्व्हिनचा आवाज आला. "कोण, फीलिक्स? माप घ्यायला आलास का रे?"

"तू झोप!" मर्टल मान न वळवता ओरडली.

"मर्टल, माझ्या मनात काही वाईट नव्हतं," फीलिक्स म्हणाला. "तुझा रविवार मोडू नये म्हणून..."

"मला माहीत आहे. माझ्या रविवारची काळजी तू चांगली केलीस." तिने दाराची कडी हातात घट्ट धरली होती. "त्या शनिवारी दुकानात मी तुला कशासाठी सांगितलं, माहीत आहे? डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत होतंच, ते मला तुझ्याकडून ऐकायचं नव्हतं. मला वाटलं, तू तरी म्हणशील, छे, त्याला काय धाड भरलीय. खोटं म्हणाला असतास तरी चाललं असतं. तेवढं म्हणायला मला दुसरं कोण आहे? आणि तू मला मंगळवार विचारलास."

फीलिक्सने केक या हातातून त्या हातात घेतला. मला उत्तर सुचलं होतं, पण ते पेंडीविषयी होतं.

"त्याची वेळ येईल तेव्हा मी शहरातून खणायच्या मशीनवाल्याला बोलवीन," ती म्हणाली. "मशीन तारीख विचारत नाही. बिल पाठवतं." तिने केक घेतला, कारण केक डिंफ्नाचा होता, आणि दार लावलं.

परत येताना पुलावर आल्यावर फीलिक्स म्हणाला, "मशीन." थोड्या वेळाने पुन्हा, "मशीन, डेक्लन." कोणी त्याला तुरुंगात टाकलं असतं तरी त्याने इतकं मनाला लावून घेतलं नसतं. ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाने इंजिन चालू करून मर्व्हिनसाठी खड्डा पाडायचा, सिगारेट ओढायची, पैसे मागायचे आणि निघून जायचं. आमच्या भागात असं फक्त त्याचं होतं, ज्याला एकही शेजारी नाही.

उन्हाळ्यात मर्व्हिन काठी टेकत पुलापर्यंत यायला लागला. फीलिक्स त्याच्या घरी जात नव्हता, म्हणून ते दोघे पुलाच्या कठड्यावर बसत, एक जण एका देशात आणि दुसरा दुसऱ्यात. मी दुकान बंद करून घरी जाताना थोडा वेळ थांबायचो.

"मला सांग," मर्व्हिन म्हणाला, "उशाशी खडक आहे का?"

"एकदाच फावडं घातलं. एवढ्यात काय कळणार?"

"मग तुझा उपयोग काय? गावभर नाव खराब झालं आणि खाली काय आहे तेही पाहिलं नाहीस."

फीलिक्सने कठड्यावरचा एक खडा ओढ्यात टाकला.

"तिला ढपलीचा राग नाही," मर्व्हिन म्हणाला.

"माहीत आहे."

"मग? मी गेलो की येणार आहेस ना?"

"ती नको म्हणालीय."

"मी विचारतोय तुला."

"असं विचारायचं नसतं, मर्व्हिन. तुलाही माहीत आहे. विचारलं की ते नुसतं काम होतं. आणि ती नको म्हणत असताना मी तुमच्या फाटकातून आत घुसलो तर तीही शेजाऱ्याची रीत नव्हे."

"म्हणजे तिने विचारलं तर तू येणार नाहीस आणि नाही विचारलं तरी येणार नाहीस."

"मांडलंस तर तसंच होतं."

"तुम्हां कॅथलिकांना उगीच वाटतं की हट्टीपणा आमच्याकडेच आहे," मर्व्हिन म्हणाला आणि काठी टेकत उठला. "मी तिला सांगू शकतो. पण लहानपणापासून तिला मी काही सांगितलं की ती त्याच्या उलट करते. तेव्हा गप्प राहणंच बरं."

ऑक्टोबरात, एका बुधवारी दुपारी, मर्व्हिन खुर्चीत बसल्या बसल्या गेला. भला माणूस. बुधवारी कोणाचीच अडचण होत नाही. माती शुक्रवारी ठरली, म्हणजे कबर गुरुवारी.

बुधवारी संध्याकाळी फीलिक्स आणि डिंफ्ना क्रोझियरांच्या घरी गेले. बंदी कबरस्तानाच्या फाटकाची होती, घराची नव्हती. आणि ज्या घरात माणूस गेलाय तिथे न जाणं आमच्या रीतीत बसत नाही. मीही मागोमाग होतो. मर्टलने फीलिक्सचा हात हातात घेतला. "आलात, आभारी आहे." फीलिक्स म्हणाला, "मर्टल." तो मर्व्हिनच्या शवपेटीपाशी थोडा वेळ उभा राहिला, चहा घेतला आणि घरी आला. मशीनचं नाव ना तिने काढलं ना त्याने.

गुरुवारी सकाळी आम्ही चार जण बूट चढवून फीलिक्सच्या स्वयंपाकघरात जमलो. कोणी जमायला सांगितलं नव्हतं. फीलिक्स अंगणात लाकडं फोडत होता. ती आधीच फोडलेली होती.

"जायचं ना?" मी विचारलं.

"कुठे? मशीन येणार आहे."

डिंफ्ना खिडकीपाशी भांडी घासत होती. त्या खिडकीतून पूल दिसतो आणि पुलापलीकडे चर्चची भिंत. "मशीन काही दिसत नाही," ती म्हणाली.

"येईल."

त्याने आणखी थोडी लाकडं फोडली. आम्ही चहा घेतला. मग डिंफ्ना म्हणाली, "मर्टल निघाली."

आम्ही खिडकीशी गेलो. मर्टल काळे कपडे घालून, टॉवेलात गुंडाळलेली मोठी किटली दोन्ही हातांनी धरून, सावकाश चर्चकडे चालली होती. फाटकातून आत गेली, भिंतीवर किटली ठेवली आणि परत घरी गेली. थोड्या वेळाने टोपली घेऊन आली. भिंतीवर पांढरं फडकं अंथरलं. सँडविच काढली, ब्रेड काढला आणि कप मांडले. कबर खणणाऱ्यांना खायला-प्यायला देणं हे घरच्या माणसांचं काम. त्यांनी तेवढंच करायचं असतं, आणि ते त्यांना करावंच लागतं. पण खाणं येतं ते खणणारे आल्यावर. रिकाम्या कबरस्तानात मांडलेला चहा आम्ही कोणी कधी पाहिला नव्हता.

"पाच कप आहेत," डिंफ्ना म्हणाली. तिची नजर चांगली आहे.

फीलिक्स कुऱ्हाड घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. "एक मशीनवाल्याचा असेल."

"आणि बाकीचे चार? मशीन पितं का चहा?"

"तिने काही विचारलेलं नाही, डिंफ्ना."

"विचारलं असतं तर गेला असतास?"

"नाही."

"मग आता काय हवंय तुला? त्या बाईने थंडीत उभं राहून सगळ्या काउंटीला दाखवायचं की तिच्याकडे कोणी येत नाही?"

मर्टल कपांपाशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. तिने किटलीवरचा टॉवेल सरकवून नीट केला. फीलिक्सने कुऱ्हाड दाराशी टेकवली. आत जाऊन हात धुतले, टॉवेलाला पुसले. माती उकरायला जाताना हात कशाला धुतोय असं मला विचारावंसं वाटलं, पण डिंफ्नाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने कोट घातला आणि दारामागचं फावडं घेतलं.

आम्ही पूल ओलांडला. फाटकापाशी फीलिक्स थांबला. फाटक उघडंच होतं. ते नेहमी बंद असतं, शेळ्या शिरतात म्हणून.

मर्टल वळली नाही. "चहा गार होतोय."

"आधी खणायला लागतो," फीलिक्स फाटकाबाहेरूनच म्हणाला. "खाली खडक आहे."

"आधी प्या. तुम्ही लोक गारठून पडाल आणि मग मला आणखी पाच कबरींचा चहा करावा लागेल."

तो आत आला. आम्ही त्याच्यामागून आलो, भिंतीपाशी ओळीने उभे राहिलो आणि चहा घेतला. तो खरंच गार होता. आम्ही तो तळापर्यंत प्यायलो. मर्टल प्रत्येकाच्या हातात सँडविच देत गेली. फीलिक्सच्या हातात देताना म्हणाली, "आईबाबांच्या उजवीकडे. डावीकडची जागा माझी आहे. आणि माझ्या जागेला इतक्यात हात लावायचा नाही."

"तुला काय धाड भरलीय, मर्टल," फीलिक्स म्हणाला.

मर्टलने त्याच्याकडे बघितलं. मग तिने त्याच्या हातातला रिकामा कप काढून घेतला आणि फडक्याने पुसायला लागली, खूप वेळ पुसत राहिली.

शहरात असं मशीन असलेला एकच माणूस आहे. तो पुढच्या आठवड्यात दुकानात आला तेव्हा मी विषय काढला. ड्रमकॉरीहून त्याला कोणी फोनच केला नव्हता.

चहा झाल्यावर फीलिक्सने कोट काढून भिंतीवर ठेवला, दोरी लावली आणि पहिली कड कापली. खडक कमरेएवढ्या खोलीवर लागला. आम्ही आळीपाळीने पहार मारली. दुपारी पाऊस येऊन गेला, तेव्हा मर्टलने त्याचा कोट उचलून स्वतःच्या छत्रीखाली धरला, पण जागची हलली नाही. मधूनमधून ती वरून वाकून बघायची आणि एक बाजू दुसरीपेक्षा रुंद आहे असं सांगायची. तशी ती नव्हती. फीलिक्सने तरीही प्रत्येक वेळी खाली उतरून बाजू तासली.